शेठचं घुंगरू

कुत्रं सापडलं की आमच्या रस्त्याची माणसं आदी मला फोन लावत्यात. गोजरबाई, डांबरीला एक कुत्रं बसलंय, काय करू? गोजरबाई, मोरीत चार पिल्लं हायेत, काय करू? आरं, मी काय गुरांची डॉक्टर हाय व्हय? पन सांगते. म्हनते, लगीच बांदू नका. आदी ते कुनीकडं बघतंय ते बघा. ज्या अंगाला त्याचं तोंड, त्या अंगाला त्याचं मानूस. तिकडं जाऊन इचारा, मंग काय दूध-भाकरी घालायची ती घाला.

एवढी शानी मी पयल्यापासनं नव्हते. ज्याच्या पायी झाले त्याचं सांगते. मधी बोलू नका, माझा राग तुमाला ठावं हाय.

आमची वस्ती काष्टीच्या अलीकडं, दौंड रस्त्याला लागून. घरात मी आन आमचं मालक, दोघंच. पोरगा आदिनाथ चाकनला कंपनीत, सून बी तितंच. एक गाय, दोन शेळ्या, एक करडू, एवढा परपंच. दिवाळी झाली की आमच्या दारावरनं उसाच्या गाड्या सुरू हुत्यात त्या थेट होळीपातूर. पाथर्डी-शेवगावाकडनं तोडीच्या टोळ्या येत्यात, कुनाच्यातरी रानात ऱ्हायला कोप्या टाकत्यात, ऊस संपला की उठून दुसरीकडं जात्यात.

त्या लोकांवर माझा लई राग हुता. कारन सांगते. हे कुत्रं आलं त्याच्या आदल्या साली आमच्या मागच्या रानातनं एक टोळी उठली, आन दुसऱ्या दिशी बघते तर उसाच्या पाचटात एक कुत्री आन पाच पिल्लं. आईच्या अंगात दूध न्हाई, पिल्लांचे डोळं उघडलेलं न्हाईत. म्या कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. एक-एक करून समदी गेली. शेवटलं माझ्या मांडीवर गेलं. कुत्री चार दिस पाचट उकरत बसली, मंग तीबी कुटं गेली कुनाला ठावं. तवा म्या मनात पक्कं केलं की ह्या लोकान्ला काळीज न्हाई.

तर त्या साली, संकरांत चार दिसांवर आलेली. दुपार कलली हुती. मी डांबरीच्या कडंला हरभऱ्याची भाजी खुडत बसल्ते. एक टॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या. पत्रं, बांबू, भांडी, खुराड्यात कोंबड्या, त्याच्यावर बाया आन पोरं. टोळी चालली हुती दुसऱ्या गावाला. गेली. मी खाली मान घालून खुडतीया.

वाईच येळानं एक कुत्रं आलं. तांबडं, शेपटाचा शेंडा पांढरा, एक कान फाटका. डांबरीच्या मदोमद पळत हुतं. जीभ पार बाहीर. पाय सोललेलं, डांबरीवर रगताचं ठिपकं पडत हुतं. मागनं एक ट्रक हॉर्न देऊन देऊन येडा झाला, पन हे बाजूला व्हायला तयार न्हाई.

मी वरडले, "टाकलं! ह्याला बी टाकलं मेल्यांनी!" हातातली भाजी तशीच टाकली आन पदर पसरून आडवी झाले. त्याच्या गळ्यात दोरी हुती, ती धरली. चावलं न्हाई. गुरगुरलं बी न्हाई. नुसतं वढत हुतं, दौंडच्या अंगाला. तोंड तिकडंच. म्या तवाच वळखायला पायजे हुतं. पन रागात मानसाला कुटं काय दिसतं?

घरी आनला आन गायीच्या दावनीला बांदला. गळ्यातली दोरी चिखलानं आन रगतानं कडक झाल्ती, मानंला रुतत हुती. इळ्यानं कापून काढली. धुतली तर काय, निळ्या-पिवळ्या सुताची येनी! आपन पोळ्याला बैलाची म्होरकी करतो न्हवं, तशी बारीक इनलेली, आन मदी एक पितळी घुंगरू. घुंगरू चांगलं हुतं. म्हनलं करडाच्या गळ्यात बांदू, आन वसरीच्या खुंटीला अडकवली.

कुत्रं रातभर इवळलं. म्होरं दूध ठिवलं, त्याच्याकडं बघितलं न्हाई. आमचं मालक लई गरीब मानूस. सकाळी हळूच म्हनलं, "अगं, ते त्या टॅक्टरामागं चाललं असंल."

"तुमी गप बसा," म्हनलं. "टॅक्टरामागं कुत्रं पळवत नेत्यात व्हय कुनी? मागच्या साली काय झालं ते इसरलात का?"

"आपल्याला काय म्हाईत त्यांचं?"

"मला समदं म्हाईत हाय."

 कुत्र्याचं पाय सुजलेलं, म्हनून मालकानं त्याला पोत्यात गुंडाळून मोटारसायकलीवर म्होरं घेतलं आन काष्टीच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं.

ते गेलं आन अर्द्या तासात ती आली.

दौंडच्या अंगानं चालत. माझ्याच वयाची, पन्नास-पंचावन्नची. लुगड्यावर गडीमानसाचा शर्ट, डोक्याला टावेल, हाताला उसाच्या पात्यानं कापलेलं वरखडं. दारात हुबी ऱ्हाऊन म्हनली, "बाई, ह्या अंगाला एक कुत्रं बघितलं का हो? तांबडं हाय. शेपटाला पांढरं. गळ्यात दोरी हाय घुंगराची."

 म्हनलं, "कुनाचं कुत्रं?"

"आमचंच. मी दगडाबाई, पाथर्डीकडली. ट्रॉलीत मानसालाच जागा नसती, मुकादम कुत्री घेऊ देत न्हाई. ती मागनं येत्यात पळत. पुलापाशी चहाची टपरी हाय न्हवं, तितं आमी थांबतो तवर समदी गोळा हुत्यात. काल बाकीची चार आली. आमचा शेठ आला न्हाई. दिवस बुडंपातूर थांबलो. शेवटी मुकादमानं टॅक्टर काडला."

"शेठ?"

ती हासली. "पोरानं नाव ठिवलंय. आमी समदी ऊस तोडायचो आन हा पाचटात पाय तानून निजायचा. म्हनून शेठ." मंग तिचा आवाज बारीक झाला. "पोराचा हाय बाई तो. पोराचं तेवढंच हाय माझ्यापाशी."

हे शेवटलं म्या ऐकलं, पन कानाआड केलं. मला वाटलं, आसंल एखादं बारकं पोरगं कोपीत रडत, त्याला काय, दुसरं पिल्लू मिळंल. माझ्या डोळ्याम्होरं डांबरीवरचं रगात हुतं. आन मांडीवर गेलेलं ते पिल्लू हुतं. म्हनलं, हिला दिलं तर परत तेच. परत टॅक्टर, परत पळनं, एक दिस मरंल चाकाखाली.

म्या म्हनलं, "न्हाई बाई. हिकडं काय कुत्रं-बित्रं आलं न्हाई."

देवाच्यान सांगते, तोंडातनं सहज निगालं. खोटं बोलते आसं वाटलंच न्हाई, पुन्य करते आसं वाटलं.

तिनं पानी मागितलं. दिलं. वसरीच्या कडंला टेकून प्याली. तांब्या खाली ठिवला आन लई येळ बसून ऱ्हायली. वर बघत हुती, भिंतीकडं. मला वाटलं, दमलीया. मंग म्हनली, "तुमच्यात गाय हाय व्हय?"

"हाय की."

"दूध देती?"

"दोन्ही येळचं देती."

"बरं हाय," म्हनली. आन कमरंची गठुडी सोडली. त्यात भाकरी हुती, ठेचा लावलेली. त्यातली चतकोर मोडून तिनं वसरीच्या कडंला ठिवली. "आला चुकूनमाकून तर एवढी घाला त्याला. माझ्या हातची वळखतो तो."

उठली. मला वाटलं ती आता फुडं जाईल हुडकत, काष्टीकडं. पन ती आली त्याच वाटंनं माघारी गेली. एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई तिनं.

दुपारी मालक कुत्र्याला घेऊन आलं, चारी पायाला पांढऱ्या पट्ट्या. खाली सोडल्या-सोडल्या ते लंगडत वसरीकडं गेलं. त्या चतकोर भाकरीला नाक लावलं. तोंडात धरली, पन खाल्ली न्हाई. दावनीपाशी नेऊन दोन पायाच्या मदी ठिवली आन तिच्यावर हनुवटी टेकून पडलं. मालक माझ्याकडं बघाया लागलं. "कोन आल्तं ग?"

"कुनी न्हाई. मागनारी हुती," म्या म्हनलं.

मला कळलं न्हाई आसं न्हाई, बरं का. कळलं हुतं. पन एकदा न्हाई म्हनलं की न्हाई, आसा माझा सभाव. आमच्या आईचाबी तसाच हुता.

आठ-धा दिसांनी पाय भरून आलं. दूध प्यायला लागला. मालकाच्या पायावर डोस्कं ठिवून निजायला लागला. मी त्याला राजा म्हनायची. राजा म्हनलं की हा आपला दुसरीकडंच बघायचा. एक दिस कुनी न्हाई बघून म्या हळूच म्हनलं, "शेठ." तर कान हुबं, शेपूट सुरू! आन माझ्याकडं न्हाई, दाराकडं पळाला, दावं तुटंस्तवर. मला त्याचा रागच आला. आन लाजबी वाटली, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात शेजारच्या आप्पासाहेबाच्या रानात दुसरी टोळी आली. त्यातली एक पोरगी, रेश्मा नावाची, आमच्या बोरवर पान्याला आली. घागर खाली ठिवली आन म्हनली, "आगं बया! ह्यो तर शेठ!"

कुत्रं तिच्या अंगावर उड्या माराया लागलं. ती त्याच्या मानंवरनं हात फिरवत म्हनली, "मावशी, हा आमच्या गावचा हाय. दगडाबाईच्या अजिनाथचा."

"व्हय का? केवढं हाय पोरगं?" म्या इचारलं.

ती चमकून म्हनली, "अजिनाथ गेला न्हवं का मावशी. मागच्या साली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढत हुता, पाय सटाकला. मान मोडली. बावीस वर्साचा हुता. एकुलता एक. ह्याच्या गळ्यात दोरी हुती, निळी-पिवळी, ती त्यानंच इनल्ती पोळ्याच्या टायमाला. बैलाची म्होरकी केली, उरलेल्या सुताची ह्याला केली. अजिनाथ गेला तवा दगडाबाई ती दोरी मुठीत धरून बसायची, कुत्र्यासकट. सोडायची न्हाई. भाकरीबी त्यालाच घालायची, आपन खायची न्हाई."

 पोराचं तेवढंच हाय माझ्यापाशी, आसं म्हनली हुती ती. माझ्याच वसरीला बसून म्हनली हुती.

"कुटं हाय ती आता?" म्या इचारलं.

"घरी गेली. हितनं उठल्यावर लई आजारी पडली, कोयता धरवंना. मुकादमानं गावाला धाडली."

सांजच्याला म्या मालकाला समदं सांगितलं. लगीन होऊन पस्तीस वर्सं झाली, त्यास्नी मला कदी वाकडं म्हनलं न्हाई. त्या दिशीबी न्हाई म्हनलं. नुसतं म्हनलं, "उद्याच्याला घेऊन जाऊ त्याला. टेम्पो सांगतो."

आन म्या काय म्हनावं? "चार दिस थांबा. कांद्याची लागन हाय, बाया सांगितल्यात." कांद्यापायी! रोपं वाळली आसती तर काय जग बुडालं आसतं?

पन माजं मन खात हुतं. म्हनलं, आता हा पावना हाय आपला, पावन्याला बांदायचं कशाला? म्हनून सोडला. तर गडी सुटला तो पुलापाशी गेला. त्याच टपरीपाशी. टपरीवाला काकासाहेब म्हनला, "गोजरबाई, उसाचा दर टॅक्टर आला की हा मागं पळतोय. ट्रॉलीत कोन बसलंय ते बघतोय आन परत येऊन हितंच बसतोय." म्या त्याला घरी आनला, दावं बांदलं. रातीत चावून तोडलं. परत आनला. साखळी आनायची हुती काष्टीतनं, बाजाराच्या दिशी आनू म्हनलं.

तिसऱ्या दिशी दुपारी मी वाफ्यात हुते, हात चिखलानं भरलेलं. काकासाहेबाचा फोन आला. मालकानं उचलला. त्यांचं तोंड बघूनच मला समजलं.

परत दावं तोडून पुलापाशी गेल्ता, तितं मागल्या ट्रॉलीच्या चाकाखाली आला हुता. त्या ट्रॉलीत बाया बसलेल्या, लुगड्यावर शर्ट घातलेल्या. एकीनं डोक्याला टावेल बांदलेला. काकासाहेब म्हनला, दोन पाय ट्रॉलीवर टाकायला गेला.

बांधावर लिंबाखाली पुरला. मालकानं खड्डा घेतला. म्या रडले, मोठ्यांदा रडले. ज्या दिशी बांदायचा नव्हता त्या दिशी बांदला आन ज्या दिशी सोडायचा नव्हता त्या दिशी सोडला. मालक म्हनलं, "दोरी घालू का त्याच्या गळ्यात?" म्हनलं, "नगं. ती तिची हाय. ती तरी देऊन येते."

कांदा तसाच टाकला, रेश्माकडनं गावाचा पत्ता घेतला आन दुसऱ्या दिशी एकटीच निगाले. काष्टीतनं नगर, नगरातनं पाथर्डी, तितनं जीप. दोरी कागदात गुंडाळून पिशवीत घातल्ती. वाटंनं बोलायचं ठरवत हुते. म्हनलं, पाय धरीन. म्हनलं, मार बाई मला, पायतान काडून मार.

गाव सगळं उसाला गेल्यालं. घरोघर कुलपं. म्हातारी मानसं आन बारकी पोरं तेवढी. दगडाबाई दारातच बसल्ती, वाकळ पांघरून. लई वाळली हुती. मला बघितल्यावर डोळं बारीक करून म्हनली, "काष्टीची बाई न्हवं तुमी?"

मी हुबीच. 

"बसा की. एवढ्या लांब आलात. चहा करते, पन दूध न्हाई बगा."

"दगडाबाई," म्हनलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले."

"मला ठावं हाय," ती म्हनली. "तवाच कळलं. खुंटीला दोरी हुती."

 ती वाकळ सावरत म्हनली, "मला आदी राग आला तुमचा. म्हनलं, कालवा करावा, घर डोक्यावर घ्यावं. मंग म्हनलं, ही बाई खोटं बोलती म्हंजी हिला लळा लागलाय. लळा नसता तर घेऊन जा बाई म्हनली आसती. आन मी तरी काय देनार त्याला? माझ्यामागं पळून पळून त्याच्या पायाची सालटी निगाली. माझा अजिनाथ गेला गाडीपाशी, हाबी एक दिस गाडीखाली गेला आसता. तुमच्यात गाय हाय, सावली हाय. म्हनून गप गेले. मागं बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर मला जाववलं नसतं."

आन मंग तिनं माझा हात धरला आन इचारलं, "कसा हाय शेठ?"

कोनच्या तोंडानं सांगू? तुमीच सांगा, कसं सांगायचं? ती माझ्या तोंडाकडं बघत हुती आन इतक्या येळात पयल्यांदा तिच्या डोळ्यात जरा जीव आल्ता.

"बरा हाय," म्या म्हनलं.

"अंग धरलं का?"

"धरलं. लई धरलं."

"दूध पितो?"

"दोन्ही येळचं."

ती हासली आन रडाया लागली, दोन्ही एकदमच. "आन दोरी? परत बांदली न्हवं गळ्यात?"

"बांदली की."

पिशवी मांडीवर हुती. म्या ती दोन्ही हातानं पोटाशी गच्च दाबून धरली, घुंगरू वाजू नये म्हनून.  निगताना तिनं चतकोर भाकरी फडक्यात बांदून दिली, शेठला म्हनून. आन माझा मोबाईल नंबर भिंतीवर कोळशानं लिहून घेतला.

घरी आले. भाकरी लिंबाखाली ठिवली. दोरी खुंटीला लावली, जितं पयली हुती तितंच. मालकानं इचारलं, "सांगितलंस?" म्हनलं, "न्हाई." ते उठून गायीला वैरन टाकाया गेलं.

दीड वरीस झालं त्याला. दर आमुशेला तिचा फोन येतो. पयलं माझी तब्येत इचारती, गायीचं इचारती, मंग वाईच गप ऱ्हाती. मला ठावं असतं आता काय म्हननार हाय ते. म्हनती, "ऐकवा की बाई."

मी उठते. खुंटीची दोरी काडते, फोनापाशी धरते आन हलवते. हळू हलवावं लागतं, कुत्रं मान हलवतं तसं. तिकडनं तिचा आवाज येतो, "शेठ, ए शेठ. जेवलास का रं बाबा?" मी आजून एकदा हलवते.